कुलपातलं विरजण

रोहिणीबाई तोडकरांचा माणसांवर विश्वास नव्हता असं कुणी म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा विश्वास विरजणावर होता. माणसं त्या विरजणाच्या आसपास फिरायची, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागायची, एवढंच.

माळवंडीच्या बाजारपेठेत दही आणि चक्का म्हटलं की 'तोडकर दुग्धालय'. दुकानामागच्या खोलीत जाळीचं कपाट, कपाटाला पितळी कुलूप, आत दगडी भांडं, आणि त्या भांड्यात ते विरजण. दिवेलागणीनंतर विरजण कुणाला देऊ नये, हे गावात सगळेच पाळायचे. तोडकरांकडं ते कुठल्याच वेळी मिळत नसे. विकायच्या दह्यालाही आधी हलकी वाफ देत, म्हणजे घरी नेऊन कुणाला त्याचं विरजण करता येऊ नये. "जीव मागा, विरजण मागू नका," असं रोहिणीबाईंच्या सासूबाई, म्हणजे अक्का, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या. अक्कांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यामागं किल्ली रोहिणीबाईंच्या कमरेला आली, आणि किल्लीबरोबर अक्कांचा स्वभावही आला.

एरवी हे कुणाला खुपलं नसतं. दोन हजार एकेचाळीस साल चालू होतं. विरजण जपायची उठाठेव करतं कोण? फॅक्टरीची पुडी फोडायची, दुधात टाकायची, सहा तासांत दही तयार. पण त्या फाल्गुनात पुड्या रुसल्या. आधी पुण्याकडं, मग साताऱ्याकडं, मग माळवंडीत. रात्री विरजलेलं दूध सकाळी दूधच राहू लागलं. मोठ्या डेअऱ्यांची भांडी रिकामी पडली. पाडवा दहा दिवसांवर आला आणि श्रीखंडाला चक्का मिळेना. तोडकरांचं दही तेवढं रोज न चुकता लागत होतं. दुकानापुढची रांग मारुतीच्या पारापर्यंत गेली.

रोहिणीबाईंना रांग बघून आनंद व्हायला हवा होता. त्यांना वाटलं, यातले निम्मे दही घ्यायला आलेत आणि निम्मे कपाट कुठं आहे ते बघायला.

तिसऱ्या दिवशी, ज्याची त्यांना धास्ती होती तो माणूस आलाच. चाळिशीचा, पाठीवर सॅक, हातात पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र.

"नमस्कार. मी नीलेश आवटी. कृषी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. 'विरजणपंगत' म्हणून आमचा एक उपक्रम आहे. तुमच्या दह्याचा एक चमचा हवा होता, वाचायला."

"दही खातात," रोहिणीबाई म्हणाल्या. "वाचतात तो पेपर."

शेजारी डबे भरत असलेली त्यांची सून ईश्वरी फसकन हसली. रोहिणीबाईंनी ते हसू लक्षात ठेवलं.

आवटींनी यंत्र फळीवर ठेवलं आणि सगळं नीट समजावलं. दुधाचं दही करतात ते जीवाणू. माणसाला जसे विषाणू छळतात, तसे या जीवाणूंनाही छळतात. एक विषाणू आत शिरला की थोड्याच वेळात त्याचे शंभर होतात आणि जीवाणू फुटतो. रात्रभरात अख्खं भांडं साफ. फॅक्टरीची पुडी राज्यभर एकाच ठशाची. त्यामुळं एका विषाणूला सगळ्या घरांची एकच किल्ली सापडली. पण दह्यातला जीवाणू बावळट नसतो. हल्ल्यातून एखादा वाचला, तर तो त्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्या डीएनएत जपून ठेवतो. पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावतात ना, तसं. तोच चोर पुन्हा आला की ओळखला जातो आणि दारातच संपतो. हे फोटो पुढच्या पिढ्यांना वारशानं मिळतात. नवा फोटो नेहमी ओळीच्या एकाच टोकाला लागतो, त्यामुळं जुना कुठला आणि नवा कुठला हेही कळतं.

"या यंत्राला आम्ही वाचक म्हणतो. तीन तासांत तो ही सगळी ओळ वाचतो."

"आणि मग?"

"मग ती सगळ्यांसाठी उघडी. संगणकवाल्यांनी हे फार पूर्वी केलं. आपण लिहिलेलं उघड्यावर ठेवलं; घ्या, सुधारा, पण सुधारलेलं परत ठेवा. आम्ही तेच दह्याला लावलं. नियम दोनच. आपलं ठेवल्याशिवाय दुसऱ्याचं बघता येत नाही. आणि कुणाचं विरजण घेतलं तर यादीत नाव लावायचं, घरी वाढवायचं, आणि ज्याचं घेतलं त्याला एक वाटी परत नेऊन द्यायची. स्वतः जाऊन."

"याचं घेता काय?"

"काही नाही."

इथंच शंकेची पाल चुकचुकली. "कंपनी कुठली तुमची?"

"कंपनी नाही, ताई."

"सुरुवातीला कुणाचीच नसते. ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? विरजण पाहिजे असं सरळ म्हणा."

"सरळच म्हणतोय," आवटी शांतपणे म्हणाले. "विरजण पाहिजे. एक चमचा."

तो त्यांना मिळाला नाही. जाताना ते एवढंच म्हणाले की वाचक गावच्या ग्रंथालयात ठेवतोय, मन बदललं तर या.

दोन दिवसांनी रांग आखडली. पारापर्यंत होती ती पानपट्टीपर्यंत आली, मग दुकानाच्या पायरीशी. पुड्या तर अजून बंदच होत्या. मग लोक दही आणतात कुठून? कुठंतरी पाणी मुरत होतं. रोहिणीबाईंनी गल्ल्यावर बसल्या बसल्या पाळत ठेवली आणि तासाभरात छडा लावला. समोरच्या कासारांच्या दारातून वाट्या आत जात होत्या आणि झाकून बाहेर येत होत्या.

विमलकाकू कासार अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बांगड्यांचं दुकान मुलानं बंद केलं, तरी काकू ओट्यावर बसून आल्यागेल्याची विचारपूस करायच्या. ईश्वरी रोज दुपारी त्यांच्याकडं जायची. त्या दिवशी ती येताना तांब्याभर ताक घेऊन आली.

"काकूंनी दिलंय. बघा तरी, आई, किती छान लागतंय."

रोहिणीबाईंनी घोट घेतला. तीच गोडसर आंबट चव, जिभेवर तीच बारीक तार. पस्तीस वर्षं त्या ही चव रोज पहाटे चमच्यावर घेऊन तपासत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सुनेकडं पाहिलं. सून रोज समोर जाते. किल्ली आंघोळीच्या वेळी खुंटीला असते. त्या फसकन हसण्याचाही आता अर्थ लागला.

पण नुसत्या चवीवर आरोप कसा करायचा? पुरावा हवा. पुरावा होता त्या पंगतीच्या यादीत, आणि यादी बघायची तर आपलं दही ठेवायला हवं. रोहिणीबाईंनी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि त्यांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ग्रंथालयात गेल्या. पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी, खाली स्टीलचा डबा, डब्यात दही. वाचनालयात पेपर तोंडावर घेऊन झोपलेले एक गृहस्थ सोडले तर कुणी नव्हतं. वाचकाशेजारच्या टेबलावर कुणाकुणाचं दही सांडलेलं होतं. ज्यांचं बिघडलं होतं त्यांनीही आपापले नमुने आणले होते. रोहिणीबाईंनी एक चमचा वाचकाच्या कपात टाकला, चमचा टेबलावर ठेवला आणि पडद्यावर नाव लिहिलं: सुलोचना पाटील, मुक्काम पोस्ट वडगाव. 'हे विरजण कुणाकडून आलं?' या रकान्यात लिहिलं: माहीत नाही.

निघताना त्यांची नजर चमच्यावर गेली. घरातल्या प्रत्येक भांड्यावर अक्कांनी नाव कोरून घेतलं होतं. दांड्यावर ठसठशीत 'तोडकर' होतं. त्यांनी चमचा झटकन उचलला, पदरानं पुसला आणि पिशवीत टाकला. मागं एकही खूण ठेवली नाही.

पाच वाजता मोबाइलवर यादी उघडली. सुलोचना पाटलांच्या दह्याच्या सर्वांत जवळचं नातं: विमल कासार, माळवंडी.

अभिजित, त्यांचा मुलगा, दुधाची गाडी घेऊन बाहेर होता. बरंच झालं. रोहिणीबाईंनी मोबाइल सुनेपुढं धरला.

"कधीपासून देतेस?"

"काय?"

"विरजण. आंघोळीला जाते तेव्हा किल्ली काढतेस ना?"

ईश्वरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आई, मी त्या कपाटाला कधी हातसुद्धा लावलेला नाही. चार वर्षांत तुम्ही लावू दिलेला नाही."

"म्हणूनच."

"आणि ही सुलोचना पाटील कोण?"

रोहिणीबाईंनी मोबाइल मागं घेतला. ईश्वरी पोरसवदा असली तरी खुळी नव्हती. तिनं सासूकडं नीट निरखून पाहिलं. "मला चोर ठरवायला तुम्ही खोटं नाव लावलंत?"

रोहिणीबाईंनी आवाज चढवला. कासारणीला फितूर झालीस, अक्कांचं नाव बुडवलंस, असं बरंच काही त्या बोलल्या. "उद्या नऊच्या एसटीनं विट्याला, माहेरी जाते," एवढंच ईश्वरी म्हणाली आणि आत गेली. फोनवर सगळं ऐकून अभिजित म्हणाला, "तुम्ही दोघी बघा, मला यात ओढू नका," आणि त्यानं फोन ठेवला. दिवेलागणीला रोहिणीबाईंनी रागारागानं दूध कोमट केलं, पिशवीतला चमचा काढला, दगडी भांड्यात बुडवला, आणि दुसऱ्या दिवसाचं दही लावलं. दगडी भांड्यातही ताजं दूध घातलं.

सकाळी दूध जसंच्या तसं होतं. पाचही पातेल्यांत.

त्यांनी कपाट उघडलं. दगडी भांडं वाकडं करून पाहिलं तर आतलं पांढरं पाणी डुचमळलं. वास होता, पण दह्याचा नव्हे. रोहिणीबाई जमिनीवरच बसल्या. त्यांना रडू आलं नाही. घरातलं माणूस गेल्यावर सुरुवातीला येत नाही, तसं. चार दिवसांवर पाडवा, आणि तोडकरांकडं विरजण नाही.

आठ वाजता आवटी समोर कासारांच्या ओट्याकडं निघालेले दिसले. रोहिणीबाई तशाच पायरीवर आल्या.

"कुणाकडं चाललात?"

"विमलकाकूंकडं. त्यांना विचारायचंय, वडगावच्या सुलोचना पाटील कोण म्हणून. पत्ता खोटा निघाला. त्या बाईंना सावध करायला हवं."

"सावध कशाला? तिनं ते विरजण चोरलंय की कासारांनी तिचं?"

"कुणीच नाही." आवटी पायरीशी थांबले. "दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं. पहिले सतरा फोटो हुबेहूब एक आहेत, म्हणजे मूळ एकच. पण पुढं सुलोचनाबाईंची ओळ तिथंच थांबते, आणि काकूंच्या ओळीत आणखी चौदा फोटो आहेत. चौदा फोटो महिन्या-दोन महिन्यांत जमत नाहीत. ही दोन विरजणं वेगळी होऊन तीसेक वर्षं झाली असतील."

"तीस वर्षं," रोहिणीबाई म्हणाल्या. ईश्वरी तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती.

"काकू सगळ्यांना विरजण देतात आणि आपलं बिघडलं की त्यांच्याकडून परत आणतात. वीस घरं फिरून आल्यामुळं त्याला वीस घरचे चोर माहीत आहेत. या नव्या विषाणूचाही फोटो त्यात आहे. सुलोचनाबाईंचं मात्र बंद खोलीत वाढल्यासारखं आहे. पुड्यांवर आलेला पहिला विषाणू त्यानं ओळखला, कारण तो जुन्याच घराण्यातला. पण पाठोपाठ त्याचा बदललेला भाऊ आलाय. दुसऱ्याच्या भांड्यातला एक थेंब लागला तरी संपलं. उष्टा चमचा जरी बुडवला तरी."

रोहिणीबाईंच्या हातात तो चमचा होता. आवटींची नजर दांड्यावरच्या नावावर गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. माणूस सभ्य होता.

"मूळ कुणाचं? म्हणजे कुणी कुणाकडून घेतलं?"

"ते वाचकाला सांगता येत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं."

विचारायची गरज नव्हती. रोहिणीबाईंना आठवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दुकान तीन दिवस बंद होतं. सुतक आहे, असं अक्कांनी सांगितलं होतं. कुणाचं, तर बेळगावकडच्या कुठल्याशा चुलत दिरांचं, ज्यांचं नाव त्याआधी किंवा त्यानंतर घरात कधीच निघालं नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला अक्का समोरून रस्ता ओलांडून आल्या होत्या. पदराआड काहीतरी होतं. नव्या सुनेनं विचारलं तर म्हणाल्या, "हळदीकुंकवाला गेले होते." सुतकात हळदीकुंकू! नव्या सुनेनं तेव्हा ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी कपाटाला पितळी कुलूप आलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असं म्हणावं तर इथं चोरही नव्हता. मागून आणलेल्या एका वाटीला पस्तीस वर्षं कुलूप लावून बसलो, आणि त्यापायी पोरीला चोर म्हटलं. रोहिणीबाईंना लाज वाटली. अगदी कानापर्यंत वाटली.

ईश्वरी बॅग घेऊन बाहेर आली. सासूच्या पाया पडायला वाकली, कारण तिच्या आईनं तसं शिकवलं होतं. मग उभी राहिली आणि सवयीनं तिनं उजवा तळवा पुढं केला. घरातून जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, म्हणजे माणूस सुखरूप परत येतं. चार वर्षांत माहेरी जाताना प्रत्येक वेळी रोहिणीबाईंनी त्या हातावर दही ठेवलं होतं. आज तोडकर दुग्धालयात हातावर ठेवायला दही नव्हतं. आपला हात पुढं आहे हे ईश्वरीच्या लक्षात आलं आणि तिनं तो मागं घेतला.

"थांब," रोहिणीबाई म्हणाल्या. "एसटीला वेळ आहे अजून."

त्या आत गेल्या, दगडी भांडं उचललं, मोरीत घासलं, उकळत्या पाण्यानं दोनदा विसळलं. चमचाही. ते रिकामं भांडं छातीशी धरून त्या रस्त्यावर उतरल्या. पायरीशी सातआठ गिऱ्हाइकं होती, पानपट्टीवाला होता, आवटी होते. भांडं पदराआड घ्यायला हात आपोआप वळला. त्यांनी तो सरळ केला.

"विमलकाकू," त्या भर रस्त्यातून म्हणाल्या, "विरजण द्या. आमचं गेलं."

काकूंनी ओट्यावरून त्यांच्याकडं पाहिलं, भांड्याकडं पाहिलं.

"दिवसाउजेडी आलीस," त्या म्हणाल्या. "सासूपेक्षा धीट निघालीस. ती दिवे लागल्यावर आली होती. त्या वेळी देत नसतात, पण तिचा चेहरा बघवेना. कुणाला सांगू नकोस म्हणाली."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? विरजण तर होतं. आण ते भांडं."

परत येऊन रोहिणीबाईंनी चमच्यानं ईश्वरीच्या तळव्यावर दही ठेवलं. "कासारांचं आहे," त्या म्हणाल्या. "आपलं कधी नव्हतंच. तुझ्यावर आळ घेतला तो खोटा होता. माझं चुकलं, ईश्वरी. आणि सुलोचना पाटील मीच."

"ते कळलं होतं मला." ईश्वरीनं दही खाल्लं, पण बॅग खाली ठेवली नाही. रोहिणीबाईंनी एका लहान डबीत दोन चमचे विरजण भरलं आणि तिच्यापुढं धरलं. तोडकरांच्या दारातून विरजण बाहेर जायची ही पहिलीच वेळ. ईश्वरीनं डबी घेतली, बॅगेत ठेवली आणि येते किंवा जाते यातलं काहीही न बोलता स्टँडकडं निघाली.

दही खाल्लं खरं, पण राग गेल्यासारखा वाटला नाही. डबी घेतली, पण ती वाटेत टाकून दिली तर? रोहिणीबाई एसटी वळेपर्यंत बघत राहिल्या.

मग त्यांनी यादी उघडली. 'सुलोचना पाटील' खोडून 'रोहिणी तोडकर' लिहिलं. 'कुणाकडून आलं?' या रकान्यात लिहिलं: विमल कासार यांच्याकडून, अक्कांनी, दिवेलागणीला. पुन्हा आज, मी, सकाळी. पायरीशी एक बाई वाटी पिशवीत धरून चुळबुळत उभी होती. "विरजणच पाहिजे ना?" रोहिणीबाई म्हणाल्या. "मग वाटी काढा की बाहेर. आणि नाव लावा."

दुसरा दिवस असाच गेला. विट्याहून फोन नाही. अभिजित आईशी कामापुरतं बोलत होता. पातेल्यांतलं दही मात्र घट्ट लागलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, चक्का टांगायचे पंचे वाळत घालून आल्यावर रोहिणीबाईंनी सहज यादी उघडली. त्यांच्या नावाखाली गावातली अकरा नावं लागली होती. बारावी ओळ नवी होती.

'घेतलं: ईश्वरी तोडकर, मुक्काम विटा. कुणाकडून: माझ्या सासूबाई. वाढवलं: हो. परत नेऊन देणार: पाडव्याला सकाळी.'

रोहिणीबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा पुसून, कुणी दुसऱ्यानंच तर लिहिली नाही ना, म्हणून तिसऱ्यांदा वाचली.